मदत हवी आहे: गाडीत जादा पेट्रोल कसं न्यायचं?

भटक्या_नाना
शनिवारी पहाटे निघतोय, वेळ नाही. २०-२० लिटरचे दोन कॅन भरून न्यायचेत. इथला पंपवाला कॅनमध्ये द्यायलाच तयार नाही. पाण्याचे प्लास्टिकचे कॅन चालतील का? टपावर बांधू की डिकीत ठेवू? गूगल करा म्हणू नका, केलंय.

स्टेपनी
कुठे निघालात? गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल?

भटक्या_नाना
पेट्रोल असं शीर्षकातच लिहिलंय. लडाख हो, अजून कुठे.

सह्यकडा
पाण्याचा कॅन अजिबात नको. झाकणातून वाफ सुटते, हादरे बसून शिवण उकलते. पत्र्याचा जेरीकॅन घ्या, दोन्ही बाजूंना फुलीसारखी घडी दाबलेली असते तो. आणि टपावर ठेवूच नका, घाटात गाडी डोलते. मागच्या दाराला स्टँड लावून घ्या. मी तसंच नेतो.

गॅरेजवाले_अण्णा
मागच्या दाराला? मागून ट्रक टेकला की पहिला कॅनच चेपणार. शिवाय त्या बिजागऱ्या आधीच स्टेपनीचं वजन पेलतायत. २० लिटर पेट्रोल म्हणजे १५ किलो, वर कॅनचं वजन वेगळं.

सह्यकडा
अण्णा, आजवर काही झालेलं नाही.

गॅरेजवाले_अण्णा
होत नाही तोवर कुणालाच काही होत नसतं.

बीएस६_ग्रस्त
डीईएफ (डिझेल गाडीच्या धुरासाठी वेगळ्या टाकीत घालायचं द्रव) विसरू नका! उणे ११ अंशाला ते गोठतं. जादा डबा ठेवायचाच असेल तर गाडीच्या आत ठेवा.

स्टेपनी
अहो, पेट्रोल गाडीत डीईएफ कुठे घालणार? नाना, गाडी सांगा ना.

भटक्या_नाना
जिम्नी. मनालीमार्गे. आता तरी सांगाल का?

टांडी_३६५
मग लेहपर्यंत कॅन लागतच नाही. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर पाटीच आहे, पुढचा पंप ३६५ किमीवर. (प्रत्यक्षात लेहच्या अलीकडे कारूला पंप आहे.) जिम्नीची टाकी ४० लिटरची. चढ, सामान, उंची धरून ११ चा अ‍ॅव्हरेज पकडला तरी ४४० किमी जाते. टांडीला टाकी काठोकाठ भरा आणि निघा.

भटक्या_नाना
लेहच्या पुढे हानले गाव आणि उमलिंग ला ही खिंड पण करायचीय. ते लिहायचं राहिलं.

स्टेपनी
🙏

टांडी_३६५
हा, आता प्रश्न खरा आहे. कारूहून हानले, उमलिंग ला आणि परत कारू, सगळं सहाशे किमीच्या घरात जातं. म्हणजे ५५ लिटर. टाकीत ४०, कमी पडले १५. एक कॅन पुरतो, दोन कशाला? आणि तो पुण्याहून (पुणेच ना?) भरून न्यायचं कारणच नाही. रिकामा, कोरा कॅन न्या आणि कारूला भरा.

कलम_आठ
दोन कॅन म्हणजे ४० लिटर. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे विनापरवाना पेट्रोल ३० लिटरपर्यंतच, तेही विक्रीसाठी नाही. भांडं धातूचं, बुचाचं आणि २५ लिटरपेक्षा मोठं नको. काचेचं असेल तर १ लिटर. त्या यादीत प्लास्टिक नाहीच, त्यामुळे पंपवाल्यावर चिडू नका.

मामा_ऑफरोड
एवढं कशाला? हानलेत कुणाच्याही घरी बाटलीत मिळतं. नाहीतर सोबतच्या गाडीतून नळीने ओढून घ्यायचं, तोंडाने.

डॉ_गिअरबॉक्स
मामा, तोंडाने ओढायचं कुणाला शिकवू नका. घोटभर पेट्रोल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाची वाट लागते आणि तिथून हॉस्पिटल जवळ नाही. हाताने दाबायचा पंप स्वस्तात मिळतो.

भटक्या_नाना
बरं, एक कॅन. पण ठेवायचा कुठे?

गॅरेजवाले_अण्णा
जिम्नीची डिकी आणि बसायची जागा एकच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती पायाशी साचते. आत नको. टपावर कॅरिअर असेल तर मधोमध, उभा, तोंड वर, खटक्याच्या दोन पट्ट्यांनी आवळून. टपाला किती वजन चालतं ते पुस्तिकेत बघा. झाकणाचा रबरी वायसर नवा टाका. भरताना कॅन जमिनीवर ठेवा, नोझल तोंडाला टेकलेलं हवं. कॅरिअरवरच भरला तर स्थिर विजेची ठिणगी उडू शकते.

सह्यकडा
म्हणजे शेवटी टपच! घाटात डोलेल तेव्हा मला आठवा.

टांडी_३६५
एका कॅनने नाही डोलत हो. काठोकाठ मात्र भरू नका, १८-१९ लिटर पुरे. कारूत सकाळी गार पेट्रोल भरलं की दुपारच्या उन्हात ते फुगतं, ३० अंशांच्या फरकाला २० लिटरमागे अर्धा लिटरच्या वर. त्यात उमलिंग ला १९,०२४ फूट, बाहेरचा हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर. कॅनच्या त्या फुल्या आतून बाहेर येतात, पत्रा टुणकन वाजतो. झाकण हळूहळू सैल करा, फुस्स थांबेपर्यंत पूर्ण उघडू नका. आसपास विडी, स्टोव्ह नको. आणि टाकी अर्धी झाली की लगेच कॅन टाकीत रिकामा करा. शेवटपर्यंत राखून ठेवायची ती वस्तू नाही.

बीएस६_ग्रस्त
थंडीत डिझेलही गोठतं बरं का. २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं.

स्टेपनी
दादा, पेट्रोल गाडी आहे त्यांची. पेट्रोल!

भटक्या_नाना
कॅन मिळाला, उद्या कॅरिअर बसवतोय. ओतायला घरातलं प्लास्टिकचं नरसाळं चालेल का?

गॅरेजवाले_अण्णा
कॅनसोबतची लवचीक नळी मागून घ्या. तीच वापरा.