पेट्रोलचा खर्च नेमका कुठे वाढला आहे, हे कसे शोधावे?

शिरवळकर (ऑक्टोबर २०२५)

नमस्कार. मी शिरवळला राहते आणि पुण्यातील एका शाळेत शिकवते. घरापासून शाळा ४८ किलोमीटरवर आहे, म्हणजे रोजची ये-जा ९६ किलोमीटर आणि महिन्याच्या २४ दिवसांची सुमारे २,३०० किलोमीटर होते. गाडी २०१९ची, पेट्रोलवर चालणारी आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती लिटरमागे १७ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज देत होती. आता ते १५वर आले आहे. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरले, तर पूर्वी १४,१०० रुपयांत होणारा प्रवास आता जवळजवळ १६,००० रुपयांना पडतो, आणि या काळात दर तर फारसा हललेलाही नाही.

सगळेजण याचा दोष इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला देतात. माझे सासरे ऊस पिकवतात, त्यामुळे इथेनॉलला विरोध करण्याचे मला काही कारण नाही. परंतु ज्या लिटरात ताकद कमी आहे, त्या लिटराला पूर्वीइतकेच पैसे का मोजायचे, हा प्रश्न मला मनापासून पडतो. ही सगळी घट खरोखरच इंधनामुळे आहे का, आणि सीएनजी किट बसवणे शहाणपणाचे ठरेल का? किटसाठी मला ५५,००० रुपये सांगितले आहेत.

कार्यशाळा

ताई, मी एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षे काम केले आहे. आधी मोजणीबद्दल सांगतो, कारण मोजणी चुकली की पुढचे सगळे निदान चुकते. आपण १५चा आकडा एकाच टाकीवरून काढला असेल, तर त्यावर विसंबू नका. नोझल आपोआप बंद होण्याची जागा पंपागणिक आणि गाडी किती कलती उभी आहे त्यानुसार बदलते; ३० लिटरच्या भरण्यात २ लिटरांचा फरक सहज पडतो आणि तेवढ्याने अ‍ॅव्हरेज एका किलोमीटरने खोटे दिसते. एकाच पंपावर, शक्यतो त्याच जागी गाडी उभी करून, पहिल्या कटऑफला थांबून टाकी फुल करा, आणि अशा लागोपाठ चार टाक्यांचे लिटर व किलोमीटर एकत्र करून भागाकार करा. गाडीच्या पडद्यावर दिसणारे अ‍ॅव्हरेज बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा थोडे जास्तच असते. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल, तर ५ लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. तो संकोच न करता वापरावा.

आता इथेनॉलचे पाहू. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. या हिशेबाने १० टक्के मिश्रणावरून २० टक्के मिश्रणावर गेल्यास लिटरमागची ऊर्जा साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. निव्वळ पेट्रोलशी तुलना केली, तर ही घट सात टक्क्यांच्या आसपास जाते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींकरिता ६ ते ७ टक्के घट सांगितली होती. आपली घट मात्र जवळजवळ १२ टक्के आहे. म्हणजे इंधनाला त्याचा पूर्ण वाटा दिला, तरी निदान पाच टक्के दुसरीकडे कुठेतरी मुरत आहेत.

ती जागा बहुधा चाकांत सापडेल. हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना तपासा. गाडी सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये सोडून पाहा. ती लगेच थांबत असेल, तर एखादे चाक ब्रेकमुळे जॅम फिरत आहे असे समजा. प्रवासानंतर चारही चाकांजवळ हात न लावता नुसता नेऊन पाहिला, तरी जास्त तापलेले चाक कळते. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग शेवटचे कधी बदलले, तेही पाहा. कात्रजच्या चढाला आणि नवले पुलाजवळच्या कोंडीला जुनी गाडी जे पेट्रोल पिते, ते मात्र कोणत्याही दुरुस्तीने परत मिळणार नाही.

सावंतवाडी

दराबद्दलच्या आपल्या प्रश्नाला थोडी भर घालतो. मे २०२२मध्ये केंद्राने पेट्रोलवरील शुल्क ८ रुपयांनी उतरवल्यावर ते १९ रुपये ९० पैसे झाले होते. एप्रिल २०२५मध्ये त्यात २ रुपयांची वाढ झाली, पण ती तेल कंपन्यांनी सोसल्यामुळे पंपावर दिसली नाही. या २१ रुपये ९० पैशांपैकी राज्यांबरोबर वाटले जाते ते मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे आहे. बाकी सगळे उपकर आणि विशेष शुल्क. त्यावर महाराष्ट्राचा २५ टक्के व्हॅट आणि लिटरमागे आणखी ५ रुपये १२ पैसे. हा व्हॅट केंद्राचे शुल्क धरून झालेल्या किमतीवर लागतो, म्हणजे आपण कराच्याही वर कर भरतो. १०४ रुपयांच्या लिटरात दोन्ही सरकारांचे मिळून जवळपास ४७ रुपये होतात.

आमच्याकडे यामुळे गोव्यात जाऊन टाकी भरण्याची रीतच पडली आहे. मनोहर पर्रीकरांनी २०१२मध्ये गोव्यातला पेट्रोलवरील व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा तर सीमेपलीकडच्या पंपांवर आमच्याच गाड्यांची गर्दी असे. पुढे तिथला कर वाढला, तरी आजही लिटरमागे सात-साडेसात रुपये वाचतात. पण माझ्या घरापासून तो पंप १५ किलोमीटरवर आहे. ३० लिटर भरून सव्वादोनशे रुपये वाचवायचे आणि जाण्यायेण्यात दोन लिटर, म्हणजे दोनशे रुपये जाळायचे, यात हाती काही उरत नाही. मी आता कामानिमित्त म्हापशाला गेलो तरच तिकडे भरतो.

हिशेबनीस

आपण केवळ पेट्रोल मोजत आहात, म्हणून लिहितो. ७.५ लाखांना घेतलेल्या गाडीची किंमत आज ३.५ लाख धरली आणि ती १,१०,००० किलोमीटर चालली असे मानले, तर प्रत्येक किलोमीटरमागे ३ रुपये ६० पैसे नुसते किमतीतून झिजले आहेत. पेट्रोलचे ६ रुपये ९० पैसे, शिवाय विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि टोल मिळवला, तर खरा खर्च किलोमीटरला बारा-साडेबारा रुपयांवर जातो.

सीएनजी किलोला ९० रुपये आणि किलोमागे २१ किलोमीटर धरल्यास इंधनाचा खर्च किलोमीटरला ४ रुपये ३० पैसे होईल. महिन्याला सहा हजार वाचतील आणि किटचे पैसे नऊ-दहा महिन्यांत सुटतील. मात्र आरटीओकडे नोंद करणे, विमा कंपनीला कळवणे आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी करून घेणे टाळू नका. नोंद नसेल, तर अपघाताच्या वेळी विम्याचा दावा अडकू शकतो. डिकी जाईल, चढावर ओढ थोडी कमी होईल आणि रांगेत वेळही जाईल.

खेड-शिवापूरच्या टोलसाठी आपण वार्षिक पास घेतला आहे का? १५ ऑगस्ट २०२५पासून ३,००० रुपयांत २०० फेऱ्या मिळतात. आपल्या महिन्याच्या ४८ फेऱ्या धरल्या, तर तो वर्ष नव्हे, चार महिनेच पुरेल. तरीही फेरी १५ रुपयांना पडते. आणि एसटीत महिलांना २०२३पासून अर्धे तिकीट आहे. आठवड्यातले दोन दिवस स्वारगेटपर्यंत एसटीने गेलात, तर पेट्रोल, टोल आणि गाडीची झीज तिन्ही एकदम थांबतील.

शिरवळकर (डिसेंबर २०२५)

सर्वांचे मनापासून आभार. चार टाक्यांची मोजणी पूर्ण झाली म्हणून कळवते. मागचे डावे चाक खरोखरच जॅम फिरत होते, आणि टायरमध्ये ३३ऐवजी २४-२५च हवा होती. मी ती तीन महिने पाहिलीच नव्हती. दुरुस्तीनंतर १२१.४ लिटरांत १,९६७ किलोमीटर झाले, म्हणजे १६.२चे अ‍ॅव्हरेज. महिन्याला अकरा लिटर परत मिळाले. पूर्वीच्या १७पर्यंतची राहिलेली तफावत पावणेपाच टक्क्यांची आहे, आणि ती इंधनाची असावी, हे कार्यशाळेतल्या काकांचे गणित मला पटले. तेवढ्यापुरती माझी तक्रार अजूनही कायम आहे: ऊर्जा कमी, तर किंमतही त्या प्रमाणात कमी असायला हवी.

टोलचा पास घेतला आहे. मंगळवारी आणि गुरुवारी एसटीने जाते. सकाळी पावणेसहाची गाडी मिळाली, तर वेळेवर पोहोचते. किटचा निर्णय मात्र मार्चपर्यंत थांबवला आहे, कारण आठवड्यात चारच दिवस गाडी चालवायची असेल, तर पैसे सुटायला नऊ-दहाऐवजी चौदा-पंधरा महिने लागतील. सहा वर्षांच्या गाडीवर एवढे थांबावे का, याबद्दल कोणाचा स्वतःचा अनुभव असल्यास जरूर लिहावे.