शब्दचर्चा : 'उष्णतारहित' की 'औष्णिकेतर'?

अर्धविराम :

अन्नप्रक्रियेवरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर हातात आहे. अन्न, लसी, ऊती असले नाजूक पदार्थ न तापवता जंतूंपासून सुरक्षित कसे करायचे, हा विषय. प्रचंड दाब, विजेचे क्षणिक झटके, श्राव्यातीत ध्वनी, जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) आणि गॅमा किरण, प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) अशी सगळी मंडळी त्यात आहेत आणि त्यांचं इंग्रजी आडनाव एकच : नॉन-थर्मल. पहिल्या खर्ड्यात 'उष्णतारहित तंत्रे' असा समास करून मी मोकळी झाले. मजकूर तपासणाऱ्या अभियंत्यांनी त्या समासावर समासातच शेरा मारला : "रहित कसं? दाब दिला की पदार्थ तापतो."

मग 'अनौष्णिक' लिहून पाहिलं. ते वाचताना उगाच 'अनौरस' आठवतं. 'थंड प्रक्रिया' म्हटलं तर लोकांना शीतगृह वाटेल. 'बिनउष्णतेची' मला आवडलं होतं, पण ते 'बिनपाण्याने'च्या वळणावर जातं. तुम्ही काय म्हणाल?

जाता जाता : यंत्रानुवादाने 'पल्स्ड इलेक्ट्रिक फील्ड'चं, म्हणजे त्या विजेच्या झटक्यांचं, 'कडधान्य विद्युत क्षेत्र' केलं होतं. तेवढं वेळेत पकडलं.

दट्ट्या :

तो शेरा माझा नव्हे, पण मीही तोच मारला असता. दाबाच्या यंत्रावर काम करतो म्हणून आतलं चित्र सांगतो. भरून बंद केलेल्या रसाच्या बाटल्या जाड पोलादी नळकांड्यात सारतात, भोवती पाणी भरतात, दोन्ही तोंडं बंद करतात आणि आणखी पाणी पंपाने आत कोंबत राहतात. दाब ४०० ते ६०० मेगापास्कलपर्यंत नेतात. ६०० म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ सहा हजार पट. मारियाना गर्तेच्या तळाशी असतो त्याच्या पाचपटीहून जास्त. एवढ्या दाबाखाली पाणीसुद्धा सुमारे १५ टक्के आकसतं, आणि दर १०० मेगापास्कलमागे साधारण ३ अंश सेल्सिअस तापतं. म्हणजे ४ अंशांवर आत गेलेली बाटली बाविसाच्या आसपास पोचते. दाब सोडला की जवळजवळ तेवढीच उतरते. बाटली चेपत नाही, कारण दाब सगळ्या बाजूंनी सारखा. बाहेर येते ती ओली, पण जशीच्या तशी. काच मात्र चालत नाही, बाटली लवचीक हवी.

तर उष्णता असते. पण २२ अंशांना कुठला जंतू मरतो? तो दाबाने मरतो. 'नॉन' हा शब्द उष्णता नाही असं म्हणत नाहीये, हे काम उष्णतेचं नाही असं म्हणतोय.

विसर्ग :

मग उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. 'रहित', 'हीन', 'विरहित', 'मुक्त' हे सगळे अभाव सांगणारे. नकाराचा दुसरा प्रकार वेगळेपणाचा : हे ते नव्हे, दुसरं काही. तिथे मराठी 'इतर' लावते. शिक्षकरहित शाळा आणि शिक्षकेतर कर्मचारी यांत जो फरक, तोच इथे. औष्णिक अधिक इतर, औष्णिकेतर. 'औष्णिक' शब्द वीजकेंद्रांमुळे आपल्या कानाला सरावलेला आहेच.

'अनौष्णिक' व्याकरणाने निर्दोष आहे. अडचण अशी की संस्कृत परंपरेत या नकाराचे, म्हणजे नञ् चे, सहा अर्थ सांगितलेत. अभाव हा एक, तदन्यत्व, म्हणजे त्याहून वेगळं असणं, हा दुसरा, तदल्पता, म्हणजे ते थोडंच असणं, हा आणखी एक. 'अनुदरा' म्हणजे पोट नसलेली नव्हे, बारीक पोटाची. दट्ट्या यांचे १८ अंश (४ चे २२ झाले ते) या तदल्पतेत छान बसतील. पण वाचकाने सहांतला नेमका कोणता अर्थ घ्यायचा हे त्याच्यावर सोपवण्यापेक्षा 'इतर' बरा.

सूक्ष्मदर्शी :

शीर्षकाला 'औष्णिकेतर' ठीक. वाक्यात मात्र 'उष्णतेवर न विसंबता' असं लिहा, ते बोलल्यासारखं वाटतं. गॅमा किरणांनाही दट्ट्या यांचाच न्याय लागतो. १० किलोग्रे ही अन्नासाठी मोठी मात्रा समजली जाते. म्हणजे किलोमागे १० किलोज्यूल ऊर्जा. पाणी तेवढ्याने अडीच अंशसुद्धा तापत नाही. पण जंतूच्या डीएनएचे तुकडे होतात.

श्राव्यातीत ध्वनीत तर गंमतच आहे. २० किलोहर्ट्झच्या वरच्या ध्वनीने द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, फुगतात आणि क्षणात कोसळतात. त्या कोसळण्याच्या जागी, क्षणभर, तापमान काही हजार अंशांवर जातं. भांड्याला हात लावाल तर कोमट. याला 'उष्णतारहित' म्हणायला धीर हवा.

अर्धविराम, 'बुडबुडे फुटतात' असं लिहिलं असेल तर बदला. फुटणं बाहेरच्या बाजूला होतं, हे आत मिटतात.

अर्धविराम :

लिहिलं होतं. बदललं.

'औष्णिकेतर' पटलं, पण आता क्रियापदावर अडलेय. पर्सी ब्रिजमनने (पुढे १९४६ चं भौतिकीचं नोबेल मिळालं तो) १९१४ मध्ये अंड्याच्या पांढऱ्यावर दाब दिल्याची नोंद आहे. ५,००० वातावरणांच्या दाबाला ते जरा घट्ट झालं, ६,००० ला फाटलेल्या दुधासारखं दिसलं, ७,००० ला अर्ध्या तासात आपल्या आधाराने उभं राहील इतकं पक्कं झालं. उकडलेल्यासारखं, पण न उकडता. मी 'शिजलं' लिहिलं आणि खोडलं. आग नाही तर शिजलं कसं?

विसर्ग :

कट आगीशिवाय शिजतो की. पण तो लक्षणार्थ.

दट्ट्या :

कारखान्यात आम्ही सरळ 'सेट झालं' म्हणतो. छापायला उपयोगाचं नाही, माहीत आहे.

सूक्ष्मदर्शी :

आधी काय होतं ते बघू. दाब प्रथिनाच्या साखळीतले भक्कम बंध तोडत नाही. साखळीच्या घड्या ज्या दुबळ्या बंधांनी धरून ठेवलेल्या असतात, ते सुटतात. प्रथिन उलगडतं आणि शेजारच्यात गुंततं. जीवनसत्त्वं, रंग, वास हे लहान रेणू असतात, त्यांना उलगडायला घडीच नसते, म्हणून ते बहुतांशी तसेच राहतात. त्यामुळे त्या पांढऱ्याला उकडल्याचा वास येत नाही. 'शिजलं' म्हणालात तर वाचकाला तो वासही येणार.

विसर्ग :

मग उरलेली क्रियापदं एकेक करून हातात घेऊ. 'गोठणं' थंडीचं. 'थिजणं' तुपाचं, तेही थंडीनेच, आणि गरम केलं की पुन्हा पातळ; इथे परत फिरायचा मार्ग नाही. 'फाटणं' आणि 'नासणं' यांत बिघाड आहे. 'विरजणं', 'मुरणं', 'आंबणं' यांना आग लागत नाही, पण वेळ लागतो. बघा ना, अन्न बदलण्याची आपली जवळजवळ सगळी क्रियापदं एक तर आगीची आहेत नाही तर काळाची. दाबाचं आपलं म्हणावं असं 'दडपणं' एक, पण 'दडपलेला रस' म्हटलं की रसाची बातमी बाहेर येऊ दिली नाही असं वाटतं.

मी 'साकळणं' सुचवेन. रक्त साकळतं तेव्हा आग नसते, थंडी नसते, प्रथिनंच एकमेकांत गुंततात, आणि साकळलेलं पुन्हा आपोआप पातळ होत नाही. 'दाबाने पांढरं साकळलं.'

अर्धविराम :

साकळलं! घेतलं.

दट्ट्या :

माझी एक जुनी तक्रार या निमित्ताने. 'उच्चदाब प्रक्रिया' असं सगळीकडे छापतात. पण वीजवाल्यांचा 'उच्चदाब' म्हणजे व्होल्टेज. उच्चदाब वाहिनी, लघुदाब ग्राहक हे रोजच्या वापरातले शब्द आहेत. आता या पुस्तिकेत दोन्ही तंत्रं शेजारी शेजारी येणार : एकात पाण्याचा दाब, दुसऱ्यात दर सेंटीमीटरला २० ते ४० हजार व्होल्ट, तेही काही मायक्रोसेकंदांपुरते. 'उच्चदाब यंत्रावर काम करतो' म्हटलं की मला घरचा फ्यूज बघायला बोलावतात.

अर्धविराम :

खरंच, पान १२ आणि पान १९ वर मी दोन्ही ठिकाणी 'उच्चदाब'च लिहिलंय. 'जलदाब प्रक्रिया' आणि 'विद्युत स्पंद प्रक्रिया' केलं तर? 'उच्च' काढूनच टाकते. 'झटका' नको वाटतो, तो एकदाच बसतो आणि बहुतेकदा माणसाला बसतो.

दट्ट्या :

जलदाब उत्तम. दाब पोचवतं ते पाणीच.

सूक्ष्मदर्शी :

प्लाझ्माचं काय केलंत? मराठी विश्वकोशात भौतिकीतल्या प्लाझ्मासाठी 'आयनद्रायू' आहे. द्रव आणि वायू मिळून द्रायू, म्हणजे वाहणारं काहीही. किती नेटका शब्द आहे, आणि किती थोडे वापरतात. तुमच्याकडे जैविक पदार्थही आहेत, म्हणजे रक्तातला प्लाझ्मासुद्धा येणार. एकाच परिच्छेदात 'प्लाझ्मावर प्लाझ्मा सोडला' झालं तर पंचाईत.

अर्धविराम :

झालं आहे. अगदी तसंच झालं आहे.

विसर्ग :

रक्तातल्यासाठी 'रक्तद्रव' आहेच, तो वापरा. आणि घोळ इंग्रजीतच झालेला आहे, आपण निस्तरतोय. अर्व्हिंग लँगम्युअरने १९२८ मध्ये विद्युतभारित कणांच्या वायूला 'प्लाझ्मा' म्हटलं तेव्हा रक्तातला प्लाझ्मा आधीपासून होता.

दट्ट्या :

'शीत आयनद्रायू'तलं 'शीत'ही जरा सांभाळून. त्यातल्या इलेक्ट्रॉनांचं तापमान दहा हजार अंशांच्या वर असतं. ते इतके हलके की भोवतीच्या वायूला तापवू शकत नाहीत, म्हणून वायू हाताला सोसवेल इतपतच राहतो. धार लावताना उडणाऱ्या ठिणग्या हातावर पडतात तसं. एक तळटीप द्या.

सूक्ष्मदर्शी :

आता माझी दुखरी जागा. कृपा करून 'किरणोत्सारी अन्न' कुठेही येऊ देऊ नका. किरणोत्सारी म्हणजे स्वतः किरण टाकणारं. हे अन्न किरण टाकत नाही, त्याच्यावरून किरण गेलेले असतात. गॅमा किरणांऐवजी इलेक्ट्रॉनांचा मारा करतात तेव्हा त्यांच्या ऊर्जेला १० दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टची मर्यादा घातली आहे ती अन्नात किरणोत्सर्ग निर्माण होऊ नये म्हणूनच. 'प्रारण' शब्द विश्वकोशाने रुळवायचा प्रयत्न केला, त्यावरून 'प्रारणित अन्न' होईल. जड वाटलं तर 'किरणप्रक्रिया केलेलं'.

दुसरं, जलदाबाला 'निर्जंतुकीकरण' म्हणू नका. बीजाणू, म्हणजे काही जंतूंची कठीण कवचातली सुप्त रूपं, त्या दाबाला दाद देत नाहीत. 'पाश्चरीकरण' म्हणा, त्यात थोडे मागे राहतात हे गृहीतच असतं. आणि '५-लॉग घट' तशीच ठेवली असेल तर आपल्याकडे त्याला आयता शब्दप्रयोग आहे : लाखात एक. एक लाखातला एक उरतो, बस. डबाबंद अन्नातल्या बोटुलिनम या विषारी जंतूच्या बीजाणूंसाठी १२ लॉग धरतात, ते होईल लाख कोटींत एक.

अर्धविराम :

'लाखात एक' जंतूसाठी! जो उरला तो कौतुकाचा होऊन बसेल. पण कळतं मात्र लगेच.

'जैविक पदार्थ'चंही बदलते आहे. 'जैविक' म्हटलं की लोक खतांविना पिकवलेलं समजतात. 'जीवजन्य पदार्थ' करते. 'उदयोन्मुख तंत्रे'ला मात्र पर्याय सापडला नाही.

दट्ट्या :

उदयोन्मुख गायिका असते. बर्ट हाइटने वेस्ट व्हर्जिनियात दुधावर दाब देऊन पाहिलं ते १८९९ मध्ये. दाबाने तयार झालेले जॅम जपानात विकायला आले १९९० मध्ये. सव्वाशे वर्षं उन्मुखच? 'रुळू लागलेली तंत्रे' लिहा.

अर्धविराम :

लिहिलं. शेवटचं एक. विद्युत स्पंदाने पेशीपटलाला जी भोकं पडतात त्यांना मी 'रंध्रे' म्हटलंय.

विसर्ग :

रंध्र मुळातच असतं : त्वचेला, पानाला. जे नंतर पडतं ते छिद्र.

सूक्ष्मदर्शी :

एक भर. स्पंद सौम्य असेल तर ही छिद्रं थोड्या वेळात बुजतात आणि पेशी जगते. प्रयोगशाळेत पेशीत डीएनए सोडायला हीच युक्ती वापरतात. जोरदार असेल तर बुजत नाहीत आणि पेशी मरते. तेव्हा 'छिद्र पडणे'च ठेवा, कारण त्याच्या जोडीला 'बुजणे' आपोआप येतं. रंध्र बुजलं म्हणजे मराठीत बिघाड झाला, इथे ते बरं होणं आहे.

अर्धविराम :

पान १९, तिसरी ओळ : 'छिद्रे बुजतात'. दुरुस्त केलं.