१०-४६ तारा चढवल्यावर बाराव्या फ्रेटला सूर चढतोय: आधी इंटोनेशन की टेम्पर्ड ट्यूनिंग?

खारघर_सहातारी
मंडळी, स्ट्रॅट पद्धतीची गिटार आहे, २५.५ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), सहा स्क्रूंचा तरंगता ट्रेमोलो (स्प्रिंगवर हलणारा ब्रिज). ९-४२ काढून १०-४६ चा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) नवा सेट चढवला आहे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने येणारा सूर) शून्यावर आणून तीच तार तिथे दाबली की ट्यूनर असं दाखवतो: सहावी +९ सेंट (एका अर्धस्वराचे १०० सेंट), पाचवी +६, चौथी +३, तिसरी +७, दुसरी +२, पहिली ०. सहाव्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) आणखी मागे जात नाही, त्याची स्प्रिंग पूर्ण दबली आहे.

दुसरी अडचण म्हणजे ओपन ई मेजर वाजवला की तिसरी तार कणसूर लागते, ओव्हरड्राइव्हवर (आवाज फाटवणारा इफेक्ट) तर फारच. बँडमध्ये कीबोर्ड आहे. ट्यूनरमध्ये गिटारसाठीचे टेम्पर्ड प्रीसेट (तारा मुद्दाम काही सेंट वर-खाली लावणारे) आहेत. ते वापरून हे सुटेल, की आधी इंटोनेशन, म्हणजे सॅडल सरकवून दाबलेला सूर जुळवणं, करावं?

कासारवडवली_सेटअप
प्रीसेट बाजूला ठेवा, आणि सॅडलच्या स्क्रूलाही अजून हात लावू नका. जाड सेटचा ताण जास्त. त्याने नेक पुढे झुकला असणार आणि ब्रिज मागून उचलला गेला असणार. दोन्हींमुळे तारा फ्रेटपासून वर गेल्या. जितकी तार उंच तितकी ती दाबताना जास्त ताणली जाते, म्हणून सूर चढतो. तुमच्या आकड्यांतला काही भाग इथूनच येतोय.

आधी मागचं झाकण काढून स्प्रिंगच्या क्लॉचे (स्प्रिंग अडकवलेली पट्टी) दोन स्क्रू थोडे थोडे आवळा. प्रत्येक वेळी पुन्हा ट्यून करायचं, कारण ब्रिज हलला की सहाही तारा हलतात. प्लेटच्या मागच्या कडेखाली साधारण ३ मिमी फट राहिली की थांबा.

मग रिलीफ, म्हणजे नेकचा पुढचा हलका बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारी चिमटी), नेक बॉडीला मिळते तिथे सहावी तार दाबून धरा आणि आठव्या फ्रेटवर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. ०.२५ मिमीच्या आसपास हवं. जास्त असेल तर ट्रस रॉड (बाक कमी-जास्त करणारी नेकमधली सळई) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही. फीलर गेज गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतो, त्यासाठी गिटारच्या दुकानात जायची गरज नाही.

त्यानंतर सतराव्या फ्रेटवर तारांची उंची १.६ मिमी. हे सगळं झाल्यावर पुन्हा आकडे घ्या.

ऐरोली_६४८
वरचा क्रम अगदी बरोबर. त्यात नट (हेडस्टॉकजवळची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) जोडतो, कारण ई मेजरमधला जी शार्प तिसऱ्या तारेच्या पहिल्याच फ्रेटवर येतो. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहा. कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे ०.१ मिमी, पुरे. खात्रीसाठी ओपन तिसरी शून्यावर आणून पहिला फ्रेट हलक्या हाताने दाबा. +३ पर्यंत आलं तर नट ठीक. +८ किंवा वर आलं तर खाच उंच आहे, आणि ती चूक सॅडल कितीही मागे नेलं तरी जाणार नाही.

शिवाय ४२ साठी कापलेल्या खाचेत ४६ ची तार अडकते. ट्यून करताना टिंग असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तेच कारण. खाच योग्य मापाच्या नट फाइलने रुंद करायची, उतार हेडस्टॉककडे ठेवायचा, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरच टेकते.

आता सॅडल. दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर नेककडे. ६४८ मिमी स्केलवर सॅडल १ मिमी सरकवलं की बाराव्या फ्रेटला सुमारे २.७ सेंटचा फरक पडतो. म्हणजे +९ साठी जवळजवळ साडेतीन मिलिमीटर. स्क्रू एम३ असेल तर एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर. हा हिशोब डोक्यात ठेवला की अंदाजाने पिळत बसावं लागत नाही. तार सैल करून सॅडल सरकवा, पुन्हा सुरात आणा, मगच मोजा.

सहावीची स्प्रिंग काढून दोन-तीन वेटोळी कापून परत घाला. तारेचा दाब सॅडलला धरून ठेवतो, स्प्रिंग लहान झाल्याने काही बिघडत नाही.

आकडा स्थिर राहत नसेल, काटा डोलत असेल, तर पिकअप तारांच्या फार जवळ आहेत. चुंबक जाड तारेला ओढतो आणि सूर दुहेरी ऐकू येतो. शेवटचा फ्रेट दाबून सहाव्या तारेखाली ३ मिमी अंतर ठेवा.

कळवा_रिफ
इतकं कशाला? पाचव्या आणि सातव्या फ्रेटचे हार्मोनिक जुळवत गेलं की गिटार सुरात येते. कानाला कंप थांबला की झालं.

वाशी_गंधार
कंप थांबतो, पण तिथेच घोळ आहे. सातव्या फ्रेटचा हार्मोनिक शुद्ध पंचम देतो, ७०२ सेंटचा. फ्रेट मात्र ७०० च्या हिशोबाने बसवलेले. सहावीपासून असं जुळवत गेलात की पाचवी २, चौथी ४ आणि तिसरी ६ सेंट खाली येते. दुसरी सहाव्या तारेच्या सातव्या फ्रेटच्या हार्मोनिकवरून घेतली तर ती २ सेंट वर. तिसरी-दुसरीमधला गंधार ४०० ऐवजी ४०८ झाला. शुद्ध गंधार ३८६ चा, म्हणजे तुम्ही त्याच्यापासून आणखी लांब गेलात.

मूळ प्रश्नातला कणसूरपणाही याच गंधाराचा. तंबोऱ्यात जो गंधार आपोआप ऐकू येतो त्यापेक्षा समान सप्तकातला, म्हणजे बारा सारख्या अर्धस्वरांत वाटलेल्या सप्तकातला, १४ सेंट चढा असतो, हार्मोनियमवरही तसाच. ओव्हरड्राइव्ह तो फरक उघडा पाडतो. पॉवर कॉर्डमध्ये फक्त पंचम असतो आणि तो २ सेंटच हुकतो, म्हणून ती स्वच्छ वाटते.

तिसरी तार १४ सेंट उतरवली तर ई मेजर गोड होईल, पण ई मायनरचा कोमल गंधार त्याच ओपन तारेवर आहे. तो आधीच शुद्धपेक्षा १६ सेंट खाली, मग ३० खाली जाईल. शिवाय कीबोर्डचा जी तिथेच राहणार. माझं स्पष्ट मत: कीबोर्डसोबत वाजवताना प्रीसेट बंद. एकट्या गिटारवर, ई आणि ए मेजरची गाणी असतील, तर तिसरी २ ते ४ सेंट खाली, बस. सहावीवर जोरात पिक मारत असाल तर तीही २ सेंट खाली, कारण आघाताच्या क्षणी ती चढते.

अमेरिकन गायक-गिटारवादक जेम्स टेलरचे ट्यूनिंगचे आकडे, सहावीपासून −१२, −१०, −८, −४, −६, −३, सगळीकडे फिरतात. ते त्याच्या कॅपो लावलेल्या ॲकूस्टिकसाठी आहेत. तुमच्या गिटारवर जसेच्या तसे उतरवू नका.

खारघर_सहातारी
ब्रिज, रिलीफ, उंची झाली. रिलीफ ०.४ होता, ०.२५ वर आणला. सॅडल न हलवता आता सहावी +५, पाचवी +३, चौथी +१, तिसरी +५, बाकी शून्यावर. तिसरी तार पहिल्या फ्रेटला +९.

ऐरोली_६४८
मग नटची तिसरी खाच आधी. ती उतरवल्यावर सहावीचं सॅडल सुमारे २ मिमी मागे, पाचवीचं १, तिसरीचं २. तिसरी साधी (वर वेटोळी नसलेली) १७ ची आहे, ती चौथीपेक्षा मागे गेलेली दिसेल. तसंच असायला हवं.

कासारवडवली_सेटअप
आणि पावसाळ्यात एकदा रिलीफ पुन्हा मोजा. खाडीलगतच्या दमट हवेत नेक हलतो, कुठल्या बाजूला ते लाकडावर अवलंबून. भावे नाट्यगृहासारख्या एसी हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर गिटार स्टँडवर अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. थंड झालेली तार चढते, तेव्हा सॅडलला हात न लावता फक्त ट्यून करा.