गॅरेजचं दार सकाळी गुडघ्यावर अडतं, संध्याकाळी उलटं वर जातं. मोटर बदलू का?

चक्कीवाली_काकू (त्रिमूर्तीनगर)
नमस्कार मंडळी. आमच्या गॅरेजला रिमोटवर चालणारं दार आहे. गुंडाळी होणारं शटर नव्हे. चार आडव्या पल्ल्यांचं, वर सरकत जाऊन छताखाली आडवं झोपणारं. नऊ फूट रुंद, सहा वर्षं जुनं. गॅरेज आपलं नावाला, गाडी बाहेरच असते. आत माझी चक्की आहे आणि गल्लीतल्या घरांचं दळण.

दिवाळी झाल्यापासून हे दार बंद होताना नाटकं करून राहिलं. उघडताना एकदाही नाही, फक्त बंद होताना. मिस्त्री आला, दार ज्यात सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या चॅनलमध्ये बोटाने ग्रीस भरलं, मोटरचा जोर थोडा वाढवला आणि सातशे रुपये घेऊन गेला. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता म्हणतो मोटरच बदला. आमचे हे म्हणतात चक्की बंद कर. मला दोन्ही मंजूर नाही.

अजनीचा_राजू
काकू, लोखंड फुगलं असेल. नागपूरचं ऊन म्हणजे काय सांगायचं! आमच्या दुकानाचं शटर मे महिन्यात असंच दाटतं. बादलीभर पाणी मारतो आम्ही.

हिंगणा_मेंटेनन्स
राजूभाऊ, फुगतं खरं, पण तीन मीटरची पट्टी तीस अंशांनी तापली तर जेमतेम एक मिलिमीटर वाढते. आणि काकू थंडीतलं बोलून राहिल्या.

काकू, मी एमआयडीसीत गोदामांची दारं सांभाळतो. मोटरला सध्या हात लावू नका. आधी एवढं सांगा: दार अडून थरथरतं, की खाली येता येता उलटं वर जातं? मोटरवरचा दिवा लुकलुकतो का? किती वाजता होतं? दार थांबलं आणि दार परतलं हे दोन वेगळे आजार आहेत. मिस्त्री लोक दोन्हीला एकच औषध देतात.

चक्कीवाली_काकू
वा, हे बरं विचारलंत. दळणाच्या वहीतच चार दिवस लिहून ठेवलं. सकाळी सात-साडेसातला: गुडघ्याएवढ्या उंचीवर येऊन कुरकुरतं, थरथरतं, थांबतं. दिवा लागत नाही. दुपारी बारा ते तीन: काही नाही, शहाण्यासारखं बंद होतं. संध्याकाळी साडेचार ते साडेपाच: थोडं खाली येतं आणि सरळ वर. दिवा लुकलुकतो. अंधार पडला की पुन्हा शहाणं. आमचे हे म्हणाले, याच्यात भूत आहे. म्हटलं, भूत असतं तर बाराला आलं असतं.

हिंगणा_मेंटेनन्स
झालं, वहीनेच निम्मं काम केलं. तुमच्या दाराला एक नाही, दोन आजार आहेत.

संध्याकाळचा आधी. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन छोट्या डब्या असतील. एक अदृश्य किरण सोडते, दुसरी तो पकडते. मधे मूल, मांजर काही आलं की किरण तुटतो आणि दार परत जातं. ही राखण फक्त बंद होताना असते, म्हणून उघडताना तुम्हाला त्रास नाही. पकडणाऱ्या डबीच्या डोळ्यात सरळ ऊन गेलं तर ती दिपते आणि तिला किरण दिसत नाही. दार दक्षिणेला तोंड करून आहे का? हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, ते तिरपं ऊन थेट आत येतं. उन्हाळ्यात वायव्येला मावळतो, तेव्हा घराचीच सावली असते.

साडेचारला दोन गोष्टी करा. भिंतीवरचं बटन दार खाली टेकेपर्यंत दाबून धरा. बहुतेक मोटरींत असं धरल्यावर डब्यांचं ऐकलं जात नाही. असं बंद झालं, तर मोटर निर्दोष. मग कोणाला तरी डबीवर पुठ्ठ्याची सावली धरायला सांगा, किरणाच्या आड न येता, आणि रिमोट दाबा.

सकाळचा आजार हाताने तपासा. दार पूर्ण बंद असतानाच मोटरच्या रुळावरची लाल दोरी ओढा, म्हणजे दार मोटरपासून सुटतं. हाताने हळूहळू वर-खाली करा. त्याच जागी हाताला दाटलं तर दोष चॅनलमध्ये. कमरेएवढ्या उंचीवर अलगद सोडून बघा, तिथेच राहायला पाहिजे. धपकन खाली येत असेल तर दाराचं वजन तोलणारी स्प्रिंग गेली. तिला तुम्ही शिवायचं नाही, मिस्त्रीनेही हत्यारं नसतील तर शिवायचं नाही. तिच्यात इतका ताण असतो की पान्हा उडून हात मोडतो.

धरमपेठचा_पोट्टा
एवढी कटकट कशाला? दोन्ही डब्या काढून समोरासमोर टेपने चिकटवा, वर मोटरवर ठेवून द्या. आमच्याकडे तसंच आहे, तीन वर्षं झाली.

हिंगणा_मेंटेनन्स
काढ बे ते. आज जाऊन काढ. अमेरिकेत दाराखाली मुलं चिरडून मेली, म्हणून १९९३ पासून तिथे ही राखण सक्तीची केली. घरात लहान कोणी नसेल, गल्लीत तर आहे ना.

चक्कीवाली_काकू
दार दक्षिणेलाच आहे! बटन दाबून धरलं, निमूट बंद झालं. पुठ्ठा धरला, रिमोटवरही बंद. पूर्वेकडच्या डबीत ऊन जातं. डब्यांची अदलाबदल करावी का?

आणि सकाळचं ऐका. हाताने दार उतरवलं तर बरोबर गुडघ्याशी दाटलं. चॅनलमध्ये बोट घातलं आणि हसूच आलं. मिस्त्रीचं ग्रीस आणि माझं ज्वारी-बेसन मिळून आत चक्क कणीक मळली होती. थंडीत ती कडक होते, दुपारी मऊ. कमरेशी सोडलं तर दार जागेवर राहिलं, म्हणजे स्प्रिंग ठीक ना जी?

हिंगणा_मेंटेनन्स
स्प्रिंग ठणठणीत. अदलाबदल करू नका, मग सकाळचं ऊन दुसऱ्या डबीला मारेल. बोटभर लांबीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा पकडणाऱ्या डबीच्या तोंडाला लावा. घोड्याच्या डोळ्याला झापड लावतात तसा. चॅनल रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसून कोरडं ठेवा, तिथे ग्रीस कधीच नाही. सिलिकॉनचा फवारा फक्त रोलरच्या बेअरिंगला आणि बिजागऱ्यांना. आणि मिस्त्रीने वाढवलेला जोर कमी करून घ्या. शेवटी दाराखाली दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवून बघा. टेकल्याबरोबर दार परत वर गेलं पाहिजे.

चक्कीवाली_काकू
आठ दिवसांनी लिहिते. पाइपचा तुकडा नळवाल्याने फुकट दिला. चॅनलमधून वाटीभर लगदा निघाला. डब्यांच्या काचांवरही पिठाचा थर होता, आता रोज दळण संपलं की सुती फडकं फिरवते. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा दार नीट बंद होऊन राहिलं.

फळी सापडली नाही म्हणून जुना पोळपाट उपडा ठेवला. पहिल्या वेळी दार परत गेलंच नाही. त्याच्यावर दाबत बसलं, एक पाय मोडला. तेव्हा कळलं मिस्त्रीने जोर किती वाढवला होता. माहितीपुस्तिका काढून यांनी स्क्रू हळूहळू मागे फिरवला. चौथ्यांदा दार पोळपाटाला टेकलं आणि लगेच वर गेलं. पोळपाट तीन पायांवर कसाबसा उभा आहे, तो आता याच कामाला ठेवला. महिन्यातून एकदा.