प्लातिया म्हणजे चौक, पार की मांड?

एका ग्रीक कथेचं भाषांतर करतोय. गावातले म्हातारे रोज संध्याकाळी 'प्लातिया'त बसतात. मी 'चौक' लिहिलं, पण वाचताना रिक्षा स्टँड आणि वाढदिवसाचे फ्लेक्सच डोळ्यांपुढे येतात. दुसरा शब्द सुचतो का?

— 'पार' करा की! ग्रीक गावच्या प्लातियात बहुतेकदा प्लातानोसचं डेरेदार झाड असतं, म्हणजे काश्मीरचा चिनारच. पिलिओ डोंगरावरच्या त्सांगारादा गावातलं तर हजार वर्षांचं मानतात. सावलीत काफेनिओची, म्हणजे कॉफीघराची टेबलं, तावली या सोंगट्यांच्या खेळाचे फासे, बाजूला चर्च. आपल्या पारापेक्षा वेगळं काय?

— वेगळी ती कॉफी. पारावर बसायला पैसे पडत नाहीत :) शिवाय पार म्हणजे झाडाभोवतीचा ओटा. प्लातिया ही अख्खी मोकळी जागा. १५ ऑगस्टला मरियेच्या सणाची जत्रा, म्हणजे पानियीरी, कित्येक गावांत तिथेच भरते. मोठाल्या पातेल्यांतलं जेवण आणि पहाटेपर्यंत हातात हात घालून फेर. पारावर फेर कसा धरणार?

— नाचाचंच म्हणाल तर आमच्या गोव्यातला 'मांड' जवळचा. पण तो शिगमा-धालो या सण-नाचांपुरता. पवित्र जागा ती, तिथे कुणी रोज फासे टाकत बसत नाही.

— व्युत्पत्तीत मजा आहे. 'प्लातीस' म्हणजे रुंद. 'रुंद रस्ता' यातला रस्ता गळाला आणि 'प्लातिया' उरलं. लॅटिनमार्गे त्याचंच इटालियनमध्ये पियात्सा झालं, स्पॅनिशमध्ये प्लाझा. आणि आपले 'पृथु', 'पृथ्वी' त्याच कुळातले! म्हणजे कोपऱ्यावरचा शॉपिंग प्लाझा पृथ्वीचा लांबचा भाऊ निघाला.

— मग 'अगोरा' का नाही? तो शब्द निदान ओळखीचा आहे.

— नको. मूळ अर्थ 'जमणं' खरा (पानियीरीतही तेच मूळ), पण आज ग्रीसमध्ये अगोरा म्हणजे बाजार. 'अगोराझो' म्हणजे 'मी विकत घेतो'.

— 'चव्हाटा' चालला असता, पण भानगडी चव्हाट्यावर आणून आणून आपण तो बदनाम केला.

— सगळ्यांचे आभार. पहिल्यांदा 'चिनाराखालचं गावपटांगण' लिहितो, पुढे सरळ प्लातिया. आता पुढचं वाक्य: संध्याकाळी सगळे तिथे 'वोल्ता' घेतात. शतपावली?

— छे, शतपावली जेवणानंतरची, पोटासाठी. वोल्ता चांगले कपडे घालून, चार लोकांना दिसावं म्हणूनही असते. फेरफटका म्हणा, नाहीतर 'चक्कर मारणं'.