रोबोट वळला की कंट्रोलर रीसेट होतो, बॅटरी तर फुल आहे

नवी_टीम: सरळ चालतो तोवर सगळं ठीक. जागच्या जागी वळवला की कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू होतो. चार मोटर, 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. मीटरवर 12.7 दाखवते. प्रोग्राम तीनदा तपासला.

घाईत: बॅटरी गेली असेल. दुसरी लावून बघा.

तारवाला: थांबा, एवढ्यात खर्च करू नका. 12.7 हा आकडा मोटर बंद असतानाचा ना? मग त्याला काही अर्थ नाही. वळताना चाकं जमिनीवर घासतात, म्हणून करंट एकदम चढतो. चार मोटर मिळून 100 अँपिअर सहज ओढतात. वाटेत कुठे 0.02 ओहमचा सैल जोड असेल तर तिथेच 2 व्होल्ट गेले, आणि 200 वॅट उष्णता त्या एका जोडात! मोटर कमी व्होल्टेजवर रडतखडत फिरते. कंट्रोलरला तेवढं चालत नाही, तो मान टाकतो.

असं करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या खांबावर, दुसरं त्याच खांबाला जोडलेल्या लगवर, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर. हो, एकाच बाजूला. आता रोबोट भिंतीला टेकवून दोन सेकंद जोर लावा. शून्याच्या जवळपास काहीतरी यायला हवं.

आमच्या पहिल्या रोबोटच्या वेळी मी आठवडाभर कोड चाळत बसलो होतो. शेवटी एका मुलीने वायर नुसती हलवली आणि दिवे लुकलुकले.

नवी_टीम: काळ्या बाजूला 1.4 आला!! नट तर पान्याने घट्ट आवळलाय, बोटाने हलत नाही.

तारवाला: मीटर सावकाश असतो, व्होल्टेजचा खरा खड्डा याहून खोल असणार. नट काढून बघा. लग आणि खांब यांच्या मध्ये वॉशर घातलाय का?

नवी_टीम: हो, स्टीलचा. चूक आहे का?

तारवाला: तिथेच घोळ आहे. लग थेट खांबाला चिकटला पाहिजे, वॉशर त्याच्या वर, मग नट. स्टील तांब्याच्या मानाने फार कमी वीज वाहतं. आणि लग कशाने दाबलेत? साध्या पक्कडीने दाबले असतील तर प्रत्येक वायर जोरात ओढून बघा. निघाली तर बरंच झालं, आत्ता निघाली.

सोल्डरप्रेमी: वायरच्या टोकाला सोल्डर लावून स्क्रू टर्मिनलमध्ये घातली तर पक्की बसते.

तारवाला: उलट आहे. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि स्क्रू सैल होतो. फेरुल वापरा, म्हणजे वायरच्या टोकावर दाबून बसवायची धातूची छोटी नळी.

नवी_टीम: वॉशर वर घेतला. आता 0.05. दहा वेळा वळवला, एकदाही रीसेट नाही. पण एक लग ओढल्यावर खरंच हातात आला.

तारवाला: कुठल्या वायरचा? लाल बाजूचे सगळे ओढून झाले का?