मदत हवी आहे : डेक ओव्हनचा वरचा डेक प्रमाणाबाहेर तापतोय, डिस्प्लेवर मात्र २००च

नमस्कार मंडळी,

कराडला आमची छोटी बेकरी आहे. लाकडाची भट्टी बंद करून सासऱ्यांनी सहा वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक डेक ओव्हन घेतला. दोन डेक (म्हणजे एकावर एक कप्पे), चार ट्रे, थ्री फेज, १२ किलोवॅट, प्रत्येक डेकला तापमान सांभाळणारा वेगळा कंट्रोलर. खालचा डेक आजही ठणठणीत आहे. वरचा तीन आठवड्यांपासून माल जाळतोय.

२०० ला लावून लादी पाव आत सरकवला की सातव्या मिनिटाला वरून काळा पडतो. लादी मोडली तर मधले पाव कच्चे, बोटाला चिकटणारे. एरवी चौदा मिनिटं लागतात. काल चार लाद्या गुरांना घातल्या. दिवाळीच्या नानकटाईच्या ऑर्डरी घेऊन बसलेय आणि एकाच डेकवर त्या निघणार नाहीत, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

डायलचा ओव्हन थर्मामीटर आणून दोन्ही डेकमध्ये मधोमध ठेवून बघितला. खालच्यात २०० ला २०५, म्हणजे ठीक. वरच्यात डिस्प्ले २००, थर्मामीटर २६०! १५० ला लावलं तर १९०. (आधी वायरमनच्या लेझर गनने मोजलं होतं, पण चकचकीत स्टीलवर ती गन भलतेच आकडे देते, त्यामुळे ते धरले नाहीत.)

वायरमन म्हणतो कॉन्टॅक्टरचे (हीटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेत, बदलूया. पण २०० झाले की कॉन्टॅक्टर टक्कन सुटल्याचा आवाज मला ऐकू येतो. त्यालाच क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजणारा) लावायला सांगितला. हीटर चालू असताना तिन्ही वायरींवर साधारण ८ अँपिअर, सुटल्यावर तिन्हींवर शून्य. मग दोष कॉन्टॅक्टरचा कसा? खर्च करण्याआधी जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद :

ताई, तुमच्या मोजणीनेच कॉन्टॅक्टर निर्दोष ठरला, त्याला हात लावू नका. तो चिकटला असता तर डिस्प्लेवरचा आकडाही २०० च्या पुढे चढत गेला असता. इथे कंट्रोलरला मनापासून वाटतंय की आत २००च आहेत. चूक मोजण्यात आहे.

तुमच्या दोन आकड्यांत खरी गोम आहे. १५० ला फरक ४० चा, २०० ला ६० चा. तापमानाबरोबर फरक वाढतोय. सेन्सरचं टोक जागेवरून मागे सरकलं असेल तरी असं होतं, पण मला दुसराच संशय आहे. अलीकडे कंट्रोलर किंवा सेन्सर बदललाय का? ओव्हनमध्ये सेन्सर म्हणून बहुधा के (K) टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा जोड) असतं, आणि ते दर अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतं. जे (J) टाइप ५० च्या वर देतं. सेन्सर 'के' आणि कंट्रोलर 'जे'वर सेट असेल, तर कंट्रोलर कमी तापमान वाचतो आणि हीटर चालूच ठेवतो.

खात्री करायला उकळत्या पाण्याची परीक्षा घ्या. मेन पाडून सेन्सर बाहेर काढून घ्या, वायरी तशाच राहू द्या. मग हीटरचा एमसीबी खाली ठेवून फक्त कंट्रोलरला सप्लाय द्या आणि टोक खळखळ उकळत्या पाण्यात धरा. कराडच्या उंचीवर ९८ च्या आसपास दिसायला हवेत. पॅनेलमध्ये ४१५ व्होल्ट आहेत, तेव्हा हे वायरमनच्याच हातून.

धागालेखिका :

दादा, कंट्रोलर बदललाय! पावसात व्होल्टेज खालीवर होऊन जुना जळाला, तेव्हा बाजारातून नवा आणून बसवला. तीन आठवडेच झाले. हे दोन्ही जोडून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आज दुपारी परीक्षा केली. कोरडं टोक हवेत धरलं तर २७, खोलीचं तापमानही तेवढंच. चहाच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात मात्र आकडा ८२ वर जाऊन थांबला. सेन्सरच्या डोक्यावरची पट्टी ओल्या फडक्याने पुसली तर तिच्यावर 'के' कोरलेला, आणि कंट्रोलरच्या इनपुट सेटिंगमध्ये 'जे'. ते बदललं, त्याच पाण्यात ९८ दिसले. ओव्हन परत जोडून २०० ला लावला, थर्मामीटर २०३. संध्याकाळची लादी चौदाव्या मिनिटाला बाहेर काढली, खालच्या डेकसारखीच तांबूस, आतून मऊ.

आता एक विचारते. उद्या सेन्सरच बिघडला तर ओव्हनला थांबवणारं दुसरं काही आमच्याकडे नाही. रात्री दोनला मुलगा एकटा भट्टीवर असतो.

प्रतिसाद :

मग ते आधी बसवा. सेन्सरची वायर तुटली तर बरेचसे कंट्रोलर हीटर बंद करतात. पण दोन वायरी ओव्हनच्या बाहेर कुठे एकमेकींना टेकल्या, तर कंट्रोलर तिथलं थंड तापमान वाचतो आणि हीटर तापतच राहतो. प्रत्येक डेकला द्रव भरलेला बल्ब आणि केशनळी (बारीक नळी) असलेला वेगळा सेफ्टी थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा स्विच) घ्या, हाताने रीसेट करावा लागणारा. त्याला कॉन्टॅक्टरही स्वतंत्र द्या, म्हणजे मूळ कॉन्टॅक्टर खरंच चिकटला तरी पुरवठा तुटेल. तुमचा माल जास्तीत जास्त किती अंशांवर निघतो?

धागालेखिका :

२३० वर, खारीचा.

प्रतिसाद :

मग सेफ्टी थर्मोस्टॅट २८० ला लावा. आणि पहिल्या दिवशी मुद्दाम तिथवर तापवून, तो खरंच पडतो का ते मुलाच्या समोर बघा.